चढावरचे सायकलस्वार

आमच्या जिल्ह्याचे आणि चाकाचे नाते फार जुने आहे. तेर हे आज धाराशिव तालुक्यातील एक गाव. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते ‘तगर’ नावाने भेटते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ताही नसलेल्या मुलुखातून, भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. पुढे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात याच गावी गोरोबाकाकांचे चाक फिरले. ते कुंभाराचे चाक. जागचे न हलणारे. बैलगाडीच्या आणि कुंभाराच्या चाकानंतर आमच्या भागात गरिबाच्या दारी जे तिसरे चाक आले, ते सायकलीचे. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

सायकल ही तशी परदेशी पाहुणी. १८८५ साली इंग्लंडात जॉन स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली; १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचा शोध लावला. त्यानंतर तिच्यात मूलतः फारसे काही बदलले आहे, असे आम्हांस वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सोनीपतला ‘ॲटलास’ने आणि १९५६ साली लुधियान्याला ‘हीरो’ने सायकली घडवावयास घेतल्या, आणि काळा रंग, जाड दांडी व भक्कम कॅरिअर लेवून ही पाहुणी आमच्या घरचीच झाली. जावई लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागून रुसून बसत, त्या काळच्या कथा आमच्या पिढीने बालपणी भरपूर ऐकल्या. पुढे ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तो दिवस होता ३ जून २०२०. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली जागतिक सायकल दिन म्हणून जो दिवस ठरविला, तोही ३ जूनच. योगायोग म्हणावयाचा, दुसरे काय!

या शहरात आम्ही दोनदा नेमणुकीस आलो. पहिल्यांदा २००४ ते २००८, तेव्हा कागदोपत्री ते उस्मानाबाद होते. दुसऱ्यांदा २०२१ मध्ये आलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत २०२३ साली त्याचे धाराशिव झाले. शहर बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले असल्यामुळे येथे सपाट रस्ता शोधावा लागतो. धर्मगुरुनिवासाच्या ओट्यासमोरूनही असाच एक चढ जातो. सेमिनरीच्या शिक्षणासाठी आम्ही काही वर्षे पुण्यात काढली. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून मिरवत असे आणि पेठांतून सायकलींचे लोंढे वाहत. पण त्या लोंढ्यात सारे सायकलस्वार एकसारखेच दिसत. माणूस ओळखू येतो तो चढावर.

चढ चढण्याच्या रीती तीन. पोरे सीटवरून उठतात, पायडलवर उभी राहून सायकल डावी-उजवीकडे झुलवीत वर जातात. वर पोचल्यावर मागे वळून कोण मागे राहिले ते पाहतात. ओझे घेतलेला माणूस रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जातो. अशाने वाट लांबते. पण चढ मोडतो. मागच्या मोटारवाल्याला हे गणित ठाऊक नसते, म्हणून तो हॉर्नवर हात ठेवून बसतो. तिसरी रीत उतरण्याची. एक पाय टाकून, लाज न बाळगता खाली उतरावे आणि सायकल हाती धरून चालू लागावे. प्रत्येकाची उतरण्याची जागा ठरलेली असते. कोणी चढाच्या पायथ्याशीच उतरतो, कोणी मध्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी, कोणी वरच्या लिंबाच्या झाडापर्यंत रेटतो. आणि वर्षे सरतात तशी ही जागा हळूहळू खाली सरकते.

पहाटे सर्वप्रथम पेपरवाली मुले येतात. त्यांच्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही; अंधारात येतात, अंधारात जातात, आणि आपण त्यांचा विचार करतो तो पेपर आला नाही त्या दिवशी. त्यांच्या मागोमाग आपले हौशी सायकलस्वार. हा प्रकार आमच्या पहिल्या नेमणुकीत नव्हता. डॉक्टर, वकील, बँकेतले अधिकारी अशी ही मंडळी. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चटकदार रंगाचा सदरा, खाली गिअरची सायकल. रविवारी ते तुळजापूरपर्यंत जाऊन येतात. एकदा आमच्या फाटकाशी अशा एका गृहस्थांची आणि कामावर निघालेल्या एका गवंड्याची गाठ पडली. गवंडी म्हणाला, “सायेब, इतक्या सकाळी कुठं गेलते?” साहेब म्हणाले, “तुळजापूरला.” “दर्शन झालं का?” “नाही, देवळात गेलो नाही. सहजच गेलो होतो.” गवंडी क्षणभर थांबला आणि मग इतक्या निर्मळपणे हसला की साहेबांनाही हसू आवरेना. जो माणूस पायांना विसावा मिळावा म्हणून मोटारसायकलीचे स्वप्न पाहतो, त्याने आपणहून घाम गाळणाऱ्याकडे पाहून हसू नये तर काय करावे? या मंडळींची आम्हांस मात्र चेष्टा करावीशी वाटत नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांच्यावर त्यांनी काढलेला तोडगा आमच्या गोळ्यांपेक्षा नक्कीच बरा आहे. त्यांच्या सायकलींची एक गोष्ट तेवढी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा, अंगावर चमकणारा पट्टा. उजाडल्यावरही त्यांचे दिवे जळत असतात.

मग पाववाला. कॅरिअरवर पत्र्याची मोठी पेटी, हँडलला रबरी भोंगा. खारी, टोस्ट, बटर, पाव. वसईकडच्या वाचकांना पाववाल्याचे कौतुक सांगावयास नको. तिकडे पाव हे अन्न आहे, इकडे तो आजाऱ्याचा आणि चहाचा सोबती. त्यानंतर साडेआठाच्या सुमारास मजूर अड्ड्याकडे जाणाऱ्यांची रांग लागते. गवंड्याच्या हँडलला थापी आणि ओळंब्याची पिशवी, रंगाऱ्याच्या कॅरिअरला बांधलेली शिडी, सुताराच्या दांडीला करवत. डबा सर्वांचा सारखाच, स्टीलचा. अड्ड्यावर काम मिळाले नाही तर हीच रांग अकराच्या सुमारास उतारावरून परत येते. उतारावर पायडल मारावे लागत नाही. तरी जाताना ज्या तोंडांवर गप्पा असतात, ती येताना मुकी असतात.

सर्वांत गोड गलबला शाळेच्या मुलींचा. पूर्वी आमच्या भागात बाई सायकलीवर दिसणे नवलाचे होते. मानव विकास कार्यक्रमातून शासनाने आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यास आरंभ केल्यापासून चित्र पालटले आहे. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी अशी योजना आणली. पुढे अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा तेथील माध्यमिक शाळांतील मुलामुलींच्या नोंदणीतले अंतर चाळीस टक्क्यांनी घटलेले आढळले. आमच्याकडे अशी मोजदाद कोणी केली असल्यास आम्हांस माहीत नाही; डोळ्यांना दिसते ते एवढेच, की सकाळी दहा वाजता चढावरून तिघी-तिघी शेजारी-शेजारी, रस्ता अडवून, गप्पा मारीत जातात आणि मागून आलेल्या ट्रकलाही तोंडी उत्तर देतात.

पण मुलीच्या नावावर आलेली सायकल मुलीपाशी राहतेच असे नाही. शहरापासून चार कि.मी. अंतरावरील एका वस्तीवरची नववीतली मुलगी दोन महिने शाळेत आली नाही. चौकशीअंती कळले, की वडिलांनी सायकल दुधाच्या कॅनसाठी घेतली. कॅनच्या दोन कड्या कॅरिअरला वेल्डिंग करून टाकल्या. आता ती दुधाची सायकल झाली. वडील दुष्ट होते असे मुळीच नाही. एकच म्हैस, डेअरी दूर, आणि घरात चाके दोनच. शाळेतल्या सिस्टर भेटावयास गेल्या तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही; डेअरीची वेळ तेवढी विचारली. दूध सकाळी साडेसातला जाते, शाळा अकराला भरते. मग सायकल आधी दुधाची आणि नंतर मुलीची, असे ठरले. कड्या अजून आहेत. त्यांत ती दप्तर अडकविते.

दुपार फेरीवाल्यांची. भंगारवाला, गारेगारवाला, उत्तर प्रदेशातून येऊन चादरींचा डोंगर कॅरिअरवर रचणारा तरुण. या सर्वांत आमचा आवडता धार लावणारा. तो झाडाखाली सायकल स्टँडवर चढवितो, मागच्या चाकावरून पट्टा सहाणेच्या चाकावर आणतो, सीटवर बसतो आणि पायडल मारू लागतो. विळी, अडकित्ता, कात्री, सुरी. ठिणग्या उडतात, पोरे भोवती जमतात, आणि सायकल तिथल्या तिथे. गोरोबाकाकांच्या चाकाची आठवण आम्हांस याच्याकडे पाहून होते. एकदा आम्ही त्याला सहज विचारले, दिवसभरात किती पायडल मारत असशील? तो म्हणाला, “मोजलं न्हाई फादर. पर इथनं निघालो असतो तर संध्याकाळपत्तुर सोलापूर आलं असतं.” सोलापूर येथून साठ-पासष्ट कि.मी.

आणि मग सायकलीवर न बसणारे सायकलस्वार. हा प्रकार शहराबाहेरच्या माणसास समजावून सांगावा लागतो. २०१६ चा उन्हाळा आठवा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याची वार्ता देशभर गेली. आमच्या जिल्ह्यातही टँकरच्या वाटेकडे गावेच्या गावे डोळे लावून बसली होती. अशा दिवसांत सायकल हे बसण्याचे वाहन राहत नाही, ती कावड होते. दांडीच्या दोन बाजूंना दोन, कॅरिअरला दोन, अशा प्लॅस्टिकच्या घागरी आणि कॅन दोरीने बांधावयाचे आणि हँडल धरून चालावयाचे. कडबा असो, सरपण असो, शेळीला घालावयाचा पाला असो, रीत तीच. यांची सायकल नेहमी थोडी डावीकडे कललेली असते, कारण माणूस डावीकडून चालतो आणि भार आपल्या अंगावर घेतो. पाणी मुबलक असलेल्या वर्षीही असा कललेला माणूस दिसला की आम्ही आधी त्याच्या कॅरिअरकडे पाहतो. काय नेतो आहे, यावरून जिल्ह्याची हालहवाल कळते.

काही प्रकार संपले. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने गेली, आणि त्यांच्याबरोबर दांडीखालून पाय घालून ‘कैची’ शिकण्याची विद्याही गेली. आमच्या समाजातले कॅटेकिस्ट मास्तर गेले. एका हँडलला कंदील, दुसऱ्याला गीतपुस्तकाची पिशवी, असे ते पाच-पाच गावे फिरत. मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांनी क्रूसाची खूण करावयास शिकली ती अशा धुळीने भरलेल्या हातांकडून. आणि सायकलीवरचा पोस्टमन. तो आता मोटारसायकलीवर येतो आणि पत्रे आणीत नाही, पार्सले आणतो.

पोस्टमनचे नाव निघाले की आम्हांस एकच पोस्टमन आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली गेली. त्या वर्षी आम्ही काही विद्यार्थी पुण्याहून तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर भागात मदतीस गेलो होतो. रस्ते मदतीच्या ट्रकांनी आणि, खेदाची गोष्ट, नुसत्या बघ्यांच्या गाड्यांनी भरून गेले होते. त्या गर्दीतून एक मध्यमवयीन पोस्टमन रोज सायकल घेऊन येई. गाव उरले नव्हते, घरक्रमांक उरले नव्हते. तो तंबू आणि पत्र्याच्या शेडमधून नावे पुकारीत हिंडे. त्याच्या पिशवीत दोन गठ्ठे असत. एकातली पत्रे आणि मनिऑर्डरी तो वाटी. दुसरा गठ्ठा तसाच परत नेई. “परत धाडायचं तर पाठवणारा म्हंजी ह्यांचाच पोरगा, पुण्यात नाहीतर मुंबैत कामाला,” तो म्हणाला. “त्याला ही पाकिटं कशी धाडू?” तो दुसरा गठ्ठा त्याने सुतळीने कॅरिअरला नव्हे, पिशवीत अगदी तळाशी ठेवलेला असे. पावसाचे दिवस होते.

असो. आता ज्यांच्यासाठी हे लिहावयास घेतले, त्यांच्याकडे वळतो.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. महामार्गापलीकडच्या एका गोदामावर ते रात्रपाळीचे रखवालदार होते. सायंकाळी साडेसहाला घरून निघत, सकाळी सातला परत येत. अंगात खाकी सदरा, गळ्यात मफलर, कॅरिअरला डबा आणि काठी. फाटकापाशी आले की घंटी एकदाच वाजवीत आणि “राम राम फादर” म्हणत. २००४ साली आम्ही त्यांना प्रथम पाहिले तेव्हा ते हा चढ लिंबाच्या झाडापर्यंत न उतरता जात. २०२१ मध्ये पुन्हा आलो तेव्हा ते शिंप्याच्या दुकानापाशी उतरू लागले होते. ‘किती वर्षे झाली आबा,’ असे विचारले तेव्हा त्यांनी बोटे मोजली नाहीत, “थोरलीचं लगीन झालं त्या साली लागलो. दोन हजार दोन,” असे लगेच सांगितले.

जाणे सात कि.मी., येणे सात कि.मी. वर्षातून तीनशे दिवस धरले आणि बावीस वर्षांचा हिशेब केला, तर ९२ हजार ४०० कि.मी. होतात. पृथ्वीला विषुववृत्तावरून दोन प्रदक्षिणा घालून वर आणखी बारा हजार उरतात. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले होते. त्यांतले तिघे १९२८ साली सुमारे ७१ हजार कि.मी. तुडवून परत आले. त्यांच्या जिद्दीला आमचा प्रणाम आहे. आबांचा प्रवास त्यांच्याहून लांबचा; मात्र दोनच गावकुसांमधला, आणि बहुतेक अंधारातला.

महामार्ग रुंद झाला तेव्हा सर्वांस आनंद झाला. सोलापूर आता तासाभरावर आले. परंतु रस्ता रुंद करताना तो कोण ओलांडणार, याचा विचार मोटारीत बसूनच केला जातो, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. चारचाकीला जो वळसा दोन मिनिटांचा, तो सायकलीला पाव तासाचा. म्हणून सायकलवाला दुभाजकाची फट शोधतो, किंवा उलट्या बाजूने कडेकडेने जातो. त्याला बेशिस्त म्हणावयास आपण सर्व मोकळे आहोत. त्यात हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, मागे दिवा नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार दगावले. त्यांतील कितीजण कामावर निघाले होते आणि कितीजण सहज, हे सरकारी तक्त्यात वेगळे मांडलेले नसते.

२०२४ च्या डिसेंबरात, पाळी संपवून घरी येताना, उजाडण्यापूर्वी आबांना कोणत्या तरी वाहनाने मागून धडक दिली. वाहन थांबले नाही. ते कोणते होते, हे आजवर समजलेले नाही.

पाचव्या दिवशी आम्ही घरी गेलो. आबांच्या पत्नीने, आम्ही त्यांना आजी म्हणतो, बसावयास पोते पसरले. कोणा शेजाऱ्याने पेपरातली बातमी वाचून दाखविली होती आणि पंचनाम्यातही तेच होते, की सायकलीला दिवा नव्हता. त्या एका वाक्याने घर खचले होते. जणू आबांचा मृत्यू ही आबांचीच चूक ठरली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दिवा नव्हता, खरं हाय. पर फादर, रस्त्याला तरी कुठं होता?”

यावर आमच्यापाशी प्रवचन नव्हते. आमच्यापाशी एक माहिती होती, आणि ती या पानांतून सर्व धर्मग्रामांत पोचावी अशी आमची इच्छा आहे. धडक देणारे वाहन अज्ञात राहिले, तरी मृताच्या कुटुंबास नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. पूर्वी ती २५ हजार रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. चूक कोणाची, हा प्रश्न या योजनेत विचारला जात नाही; म्हणजे सायकलीला दिवा नसल्याने हक्क जात नाही. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. सोबत प्रथम खबरीची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत लागते. वकिलाची गरज पडत नाही. अपघात इतके आणि अर्ज इतके थोडे कसे, हे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही खटकले होते आणि एका महिन्यात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनी कुटुंबास या योजनेची माहिती द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. आजींना ती सांगणारे आम्हीच पहिले ठरलो. दोन लाख ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. “दिव्याचं काय लिव्हायचं त्यात?” एवढेच त्यांनी विचारले. काही लिहावे लागत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी अंगठ्याऐवजी सही करीन म्हणून सांगितले. रात्रीच्या साक्षरता वर्गात त्या शिकल्या होत्या. अर्ज दाखल झाला आहे.

त्या महिन्यात आमच्या युवक मंडळाने तांबड्या चमकत्या पट्टीची भेंडोळी आणली आणि मजूर अड्ड्यावर उभे राहून सायकलींच्या मडगार्डला पट्ट्या चिकटविल्या. नव्या सायकलींना असे परावर्तक बसविणे आता कायद्याने सक्तीचे आहे. पण अड्ड्यावरची सायकल वीस वर्षांची असते, तिला कायदा कोण लावणार? पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना. एक रंगारी म्हणाला, “राहू द्या फादर, चोराला लांबनं दिसंल माझी सायकल.” मग त्याच्या सोबत्याने त्याच्या सायकलीकडे बोट दाखविले आणि विचारले, “हिला चोर नेणार?” त्यावर जो हशा झाला, त्यात सगळ्यांनी पट्ट्या लावून घेतल्या.

आबांची सायकल पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडून होती. रीतसर अर्ज केल्यावर ती परत मिळाली. मागचे चाक वेडेवाकडे झालेले, मडगार्ड गेलेले, दांडी मात्र शाबूत. भंगारवाल्याने किंमत सांगितली होती. आजी म्हणाल्या, नात आठवीला जाईल जूनमध्ये, तिला होईल. म्हणून आम्ही सायकल दर्ग्याच्या वाटेवरच्या मिस्त्रींकडे नेली. पंक्चरच्या घमेल्यात हात बुडवून बसलेले मिस्त्री सायकल पाहताच उठले. बावीस वर्षे या सायकलीत हवा त्यांनीच भरली होती. त्यांनी काही विचारले नाही. चाक काढून चिमट्यात धरले, एकेक तार आवळून, सैल करून, फिरवून, पुन्हा आवळून आउट काढला. दोन तारा नव्या घातल्या, ट्यूब बदलली, सीट चार बोटे खाली केली. मागे जुन्या डब्यातली तांबडी काच बसविली आणि पुसली. दोन तास गेले.

आजींनी किती झाले म्हणून विचारले. मिस्त्री म्हणाले, “ट्यूबचे द्या आजी, आणि दोन तारांचे.” आजींनी मजुरीचे विचारले. ते घमेल्याकडे वळले होते. आजींनी पदराची गाठ सोडली आणि तेवढेच पैसे मोजून पत्र्याच्या डब्यावर ठेवले.